स्त्रीराज्याची वाट

अद्भुत कथेंत एखादें गुप्त नगर उभारणें फारसें कठीण नाहीं. सोन्याचे कळस, रत्नांच्या पायऱ्या, बारमाही फळांनीं लवलेल्या बागा, एवढें साहित्य कोणत्याही कवीच्या कोठारांत तयार असतें. कठीण असतें तें पुढचें काम. जें नगर कोणास दिसत नाहीं, तेथें नायकानें पोंचावें कसें? तो तेथें गुंतून राहिला तर त्याची बातमी मागें राहिलेल्यांना कोणीं आणावी? आणि परत येतांना त्याच्या झोळींत काय असावें? लहान मुलें गोष्ट ऐकतांना हे प्रश्न हटकून विचारतात. आणि मोठीं माणसें, 'गोष्टच ती, तिला कसले प्रश्न', असें म्हणून त्यांना गप्प बसवितात. आमच्या मतें या ठिकाणीं मुलांची दृष्टि अधिक शुद्ध असते. अद्भुताला वाटेल तें करण्याची मोकळीक नाहीं. त्यालाही आपले हिशेब द्यावे लागतात.

ही कसोटी लावून पाहण्यासाठीं आम्हीं मुद्दाम एक घरगुती ग्रंथ निवडला आहे. धुंडीसुत मालूचा 'नवनाथ भक्तिसार' शके १७४१ मध्यें, म्हणजे इ. स. १८१९ सालीं, पुरा झाला. पेशवाई बुडाल्याला तेव्हां जेमतेम एक वर्ष लोटलें होतें. ४० अध्यायांचा हा ओवीबद्ध ग्रंथ महाराष्ट्रांत पुष्कळ घरीं आढळतो, पण बहुधा देव्हाऱ्यापाशीं. श्रावणांत त्याचें पारायण होतें. कोणता अध्याय वाचला असतां कोणतें फळ मिळतें हें शेवटच्या अध्यायांत सांगितलें असल्यामुळें संकट पाहून अध्याय काढण्याचीही चाल आहे. उलट इंग्रजी शिकलेल्या मंडळींनीं ही पोथी भाकडकथांचें गाठोडें म्हणून फडताळावर टाकिली. एका पक्षाला तींत फळ तेवढें हवें, दुसऱ्याला फोलपट तेवढें दिसतें. गोष्ट म्हणून ती वाचणारा वाचक मात्र विरळा. आणि ज्या ग्रंथानें जवळजवळ दोन शतकें आपल्या लोकांची कल्पनाशक्ति पोसली, त्याच्या वांट्याला असा वाचक न यावा ही आम्हांस हानीच वाटते.

या कथांचें जवळचें टोंक अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. (२०२४ पर्यंत या जिल्ह्याचें नांव अहमदनगर होतें.) पाथर्डी तालुक्यांतील मढी येथें कानिफनाथांची समाधि आहे, त्याच तालुक्यांत गर्भगिरीच्या डोंगरांत वृद्धेश्वराचें स्थान आहे, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून बीडच्या आष्टी तालुक्यांत गेलें कीं सावरगांवीं मच्छिंद्रनाथांची समाधि लागते. या टापूंतील श्रोत्याला नाथांची गोष्ट परक्या मुलखाची वाटत नाहीं. परंतु त्याच गोष्टीचें दुसरें टोंक अशा एका राज्यांत आहे, जें कोणत्याही नकाशावर सांपडावयाचें नाहीं. तें म्हणजे स्त्रीराज्य.

स्त्रीराज्य ही मालूची स्वतःची कल्पना नव्हे. कल्हणाच्या 'राजतरंगिणी'ंत ललितादित्याच्या दिग्विजयाच्या वर्णनांत त्याचें नांव येतें. बंगाली नाथकाव्यांत कदलीदेशाच्या स्त्रियांमध्यें गुंतलेल्या गुरूला गोरखनाथ सोडवून आणितो, तीही याच कथेची बहीण. मालूनें मात्र आपल्या नगराला जे नियम घालून दिले ते लक्षांत घेण्यासारखे आहेत. या राज्यांत पुरुष नाहीं. मारुतीच्या भुभुःकारानें तेथील स्त्रियांना गर्भ राहतो, आणि त्याच भुभुःकारामुळें पुरुषगर्भ जगत नाहीं. म्हणजे ज्या गर्जनेनें राज्याची वस्ती टिकते, तिनेंच राज्याचें दारही लागतें. नगराच्या गुप्तपणाचें कारण आणि त्याच्या अस्तित्वाचें कारण एकच ठेवण्यांत कवीची मोठी सूक्ष्मता आहे. तटावर पहारेकरी उभे करणारा सामान्य कथाकार येथवर पोंचला नसता.

असें दार बंद केल्यावर मालू त्यांतून तीन नाथांना तीन निरनिराळ्या प्रकारांनीं आंत नेतो. राणी मैनाकिनी मारुतीला प्रसन्न करून घेते. तो ब्रह्मचारी असल्यामुळें आपल्या जागीं मच्छिंद्रनाथाला पाठवितो. अर्थात् मच्छिंद्र आंत जातो तो द्वारपालाच्याच आमंत्रणानें. कानिफनाथ आपल्या सातशें शिष्यांसह येतो, आणि मारुतीशीं झुंजून आपल्या सामर्थ्यानें वाट काढतो. तिसरा गोरक्षनाथ. त्याला गुरूची नुसती भेट घ्यावयाची नाहीं, गुरूला बाहेर काढावयाचें आहे. तेव्हां त्याच्या मार्गांत अडथळा सर्वांत मोठा. तो कलिंगा नांवाच्या कलावंतिणीच्या ताफ्यांत शिरतो, स्त्रीवेष घेतो आणि तिच्यामागें मृदंग वाजवीत राजसभेंत जाऊन उभा राहतो. निमंत्रण, बळ आणि वेष अशा या तीन वाटा आहेत. आणि ज्याचें काम सर्वांत अवघड त्याच्या वांट्याला सर्वांत नम्र वाट आली आहे. गुरूसाठीं योग्यानें नाचणारीच्या मागें साथीला उभें राहावें, यांत भक्तीचें जें दर्शन घडतें तें दहा अध्यायांच्या उपदेशानें घडलें नसतें.

परंतु गोरक्षाला गुरूचा ठावठिकाणा कळला कसा? आमच्या मतें साऱ्या कथेंतील उत्तम जागा हीच. कानिफ आणि गोरक्ष यांची वाटेंत गांठ पडते. आधीं आंब्यांवरून दोघांत सिद्धीची चढाओढ होते, मग बोलाचाली होते. कानिफ सांगतो कीं, तुझा गुरु स्त्रीराज्यांत भोगांत दंग आहे. गोरक्ष सांगतो कीं, तुझा गुरु जालंदर राजा गोपीचंदाच्या नगरींत खड्ड्यांत पुरलेला आहे. दोघेही एकमेकांना हिणवावयास निघाले होते, आणि दोघांनींही एकमेकांस जगांतील सर्वांत मोलाची वार्ता दिली! दोघेही त्रिकालज्ञ म्हणविणारे सिद्ध. कवीच्या मनांत असतें तर त्यांनीं डोळे मिटून अंतर्ज्ञानानें सर्व जाणलें असतें. पण मालूनें बातमी पायीं चालविली. आगगाडी व टपाल नव्हतें त्या काळीं खेड्यांत बाहेरच्या जगाची वार्ता बैरागी, गोसावी, गोंधळी, तमासगीर यांच्या तोंडूनच येत असे. अद्भुत नगराची बातमीही त्याच वाटेनें येते, म्हणून ती खरी वाटते.

या गुणाचें मूळ फार जुनें आहे. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडांत तहानेनें व्याकुळ झालेले वानर एका गुहेच्या तोंडाशीं येतात. आंत मयानें निर्मिलेलें सुवर्णमय स्थान आहे, हें त्यांना ठाऊक नाहीं. त्यांना दिसतात तीं गुहेंतून बाहेर येणारीं पाखरें. त्यांचे पंख ओले आहेत, अंगाला कमळांचे पराग लागलेले आहेत. आंत पाणी असलेंच पाहिजे असें अनुमान हनुमान करितो आणि सारे आंत शिरतात. ओल्या पंखांवरून गुप्त नगराचा शोध लागावा, इतकी साधी आणि इतकी चोख योजना आम्हीं तरी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. बाहेर पडतांना मात्र स्वयंप्रभा त्यांना डोळे झांकावयास लाविते. आणि बाहेर आल्यावर कळतें कीं सुग्रीवानें दिलेली महिन्याची मुदत आंतच संपली. नगराचें दार फुकट उघडत नाहीं. वेळ हें त्याचें मोल असतें.

दुसरें उदाहरण नगर जिल्ह्याच्या शेजारचें म्हणतां येईल. शेवगांव तालुक्याच्या समोर, गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर पैठण आहे. त्या प्रतिष्ठान नगरींतील सातवाहन राजाशीं गुणाढ्याच्या 'बृहत्कथे'ची आख्यायिका जोडलेली आहे. आणि त्या कथांचा अवतार म्हणजे अकराव्या शतकांतील सोमदेवाचा 'कथासरित्सागर'. त्यांत शक्तिदेव कनकपुरीच्या शोधास निघतो. ज्यानें कनकपुरी पाहिली असेल त्यालाच वरीन, असा राजकन्येचा पण. प्रथम तो पाहिल्याचें खोटेंच सांगतो आणि फजीत होतो. पुढें समुद्राच्या भोंवऱ्यांतून वांचून, प्रचंड पक्ष्याच्या पाठीवर बसून तो खरोखर तेथें पोंचतो; आणि तेथील निषिद्ध गच्चीवर चढतो तों ती राजकन्याच त्याला निष्प्राण पडलेली दिसते! मग घोड्याच्या लाथेनें तो तळ्यांत पडतो आणि डोकें वर काढतो तों आपल्याच गांवच्या तळ्यांत. जिच्यासाठीं तो इतका दूर गेला तिचा देह तिकडे, आणि तीच इकडे नांदते आहे. दोन्ही नगरें जोडणारा धागा ती कन्याच होती. सोमदेवाची कल्पना मालूहून अधिक चतुर आहे हें मान्य केलें पाहिजे. मात्र शक्तिदेवाच्या प्रवासांत जो चमत्काराचा थाट आहे, त्यापुढें गोरक्षाचा मृदंग आम्हांस अधिक जवळचा वाटतो.

त्या मृदंगाविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. मच्छिंद्राला कोणीं बेड्या घातलेल्या नाहींत. त्याला राणी आहे, मीननाथ नांवाचा मुलगा आहे, सुख आहे. आणि या सुखांत तो स्वतःला विसरला आहे. अशा माणसाला अस्त्रानें सोडवितां येत नाहीं. गोरक्षाच्या बोटांतून मृदंग बोलूं लागतो, त्यांतून शिष्याच्या आगमनाची वर्दी उमटते, आणि गुरु दचकतो. गुप्त नगराचा बाहेरच्या जगाशीं शेवटचा संबंध रस्त्यानें किंवा होडीनें राहत नसतो. आंत गेलेल्याच्या स्मृतींत तो राहतो, आणि ती स्मृति जागी करणारें कोणी तरी बाहेर असावें लागतें.

आतां परतीचें ओझें पाहूं. निघतांना राणी मच्छिंद्राच्या झोळींत सोन्याची वीट घालते. वाटेंत गुरु पुन्हा पुन्हा विचारतो कीं, पुढें चोरांचें भय आहे काय? ज्यानें कधीं भय जाणलें नाहीं त्याला भय कां वाटतें, हें गोरक्षाच्या ध्यानांत येतें. तो वीट फेंकून देतो, आणि गुरु खिन्न झालेला पाहून अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवितो. लोकपरंपरा हा डोंगर गर्भगिरीचाच मानते. जेम्स हिल्टनच्या 'लॉस्ट होरायझन' (१९३३) या प्रसिद्ध इंग्रजी कादंबरींतही शांग्रीला ही गुप्त वसाहत आपल्या खोऱ्यांतील सोनें देऊन बाहेरचा माल आणविते. तेथें सोनें व्यवहाराचें साधन आहे. येथें तें मोहाची शेवटची दोरी आहे, आणि ती तुटल्यावांचून नाथ खरोखर बाहेर आला असें होत नाहीं. इंग्रज लेखकानें जमाखर्च चोख ठेविला. मालूनें त्याच सोन्यावर मनुष्याची परीक्षा घेतली.

इतकी स्तुति केल्यावर दोषांकडे डोळेझांक करणें बरें नव्हे. मालूचा हात सदैव असा चालत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं तो अस्त्रांच्या आहारीं जातो. एकानें एक अस्त्र सोडावें, दुसऱ्यानें त्याचें निवारण करावें, असे प्रसंग इतके येतात कीं वाचक पुढचें पान न वाचतांच सांगूं शकतो. जेथें अस्त्रानें काम होतें तेथें कथा मंदावते. जेथें चालणें, विचारणें, वेष पालटणें यांनीं काम होतें तेथें ती उजळते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. मैनाकिनीचें सारें दुःख कवीनें पूर्वीच्या शापाच्या खातीं मांडून टाकिलें आहे. शापाची मुदत संपली, एवढ्यानें पति आणि पुत्र एकाच वेळीं गमावणाऱ्या स्त्रीचें समाधान होत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. गोरक्षाची निष्ठा थोर खरी. पण तिची किंमत कोणी दिली, हें कवीनें क्षणभर थांबून पाहिलें असतें तर हें आख्यान आणखी एक पायरी चढलें असतें.

तरीही या कथेंत एक सत्य आहे, आणि तें मढीस गेलें असतां डोळ्यांनीं दिसतें. होळीपासून पाडव्यापर्यंत तेथें यात्रा भरते. गोपाळ, कैकाडी, बेलदार, वैदू अशा भटक्या जातिजमाती तेथें पूर्वापार जमत आल्या. त्यांच्या पंचायती तेथें बसत. गाढवांचा बाजार हें तर त्या यात्रेचें वैशिष्ट्यच. वर्षभर रिकाम्या डोंगरावर अशा रीतीनें काहीं दिवसांचें एक नगर उभें राहतें आणि पाडव्यानंतर मोडतें. ज्या लोकांना कायमचा गांव नव्हता त्यांनीं एका नाथाच्या समाधीला आपला गांव मानिलें. सोयरिकी, भांडणें, बातम्या व कथा यांची देवघेव तेथेंच केली. स्त्रीराज्याची बातमी सातशें शिष्यांसह भटकणाऱ्या कानिफानें आणावी, आणि त्याच कानिफाची समाधि भटक्यांचें तीर्थ व्हावें, ही जुळणी आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते. गुप्त नगरांच्या वाटा ठाऊक असतात त्या नेहमीं चालणाऱ्यांना.

म्हणून आमची सुशिक्षित कुटुंबांना एवढीच विनंति आहे कीं, ही पोथी घरांत असेल तर ती एकदां फळाची यादी बाजूस ठेवून मुलांसमवेत वाचावी. मुलें विचारतील कीं, गोरक्षाला पत्ता कोणीं दिला, मारुतीनें कानिफाला आंत कसें येऊं दिलें, मीननाथाची आई पुढें रडली काय. त्यांना गप्प बसवूं नये. यांतील पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें मालूनें उत्तम दिलीं आहेत. तिसऱ्याचें उत्तर देण्यांत तो उणा पडला, तें वाचणाऱ्यांनींच एकमेकांशीं बोलून शोधावें.