गिनी पिग, कॅल्शियम आणि विसरलेला छेद

मागच्या दिवाळीत मावशीकडे गेले होते, तेव्हा फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला दिसला. मावसबहिणीच्या गिनी पिगसाठी. हिरव्या रकान्यात काकडी, ढोबळी मिरची. लाल रकान्यात पालक, कोथिंबीर, पार्सली. लाल म्हणजे ‘कॅल्शियम जास्त, खडा होईल’. गंमत अशी की तक्ता काटेकोर पाळूनही तिच्या तीन वर्षांच्या गिनी पिगला खडा झालाच. लघवी करताना किंचाळायचा, एक्स-रेमध्ये मूत्राशयात पांढरा ठिपका. “ताई, तू पीएचडी करतेस ना? मग सांग, चुकलं कुठे?”

माझा विषय प्राणी नाही, आणि इलाज सांगणं हे पशुवैद्याचं काम. पण तक्ता वाचणं माझं काम आहे. तुम्हीही उद्या पीएचडीच्या मुलाखतीला बसाल तेव्हा कुणीतरी एक पेपर पुढे सरकवून विचारेल, यात काय खटकतं? सरावासाठी हा तक्ता उत्तम, कारण त्यातले आकडे साधारण बरोबरच आहेत.

आधी तक्त्याची बाजू. माणसाचं आतडं गरज पाहून कॅल्शियम शोषतं. गिनी पिग सशासारखा आहे: खाण्यात जास्त आलं की रक्तात जास्त जातं आणि जादा भाग मूत्रपिंडं लघवीतून बाहेर टाकतात. त्याची लघवी अल्कलाइन असते, त्यामुळे वाळल्यावर थोडी पांढरी पूड दिसणं नेहमीचंच. म्हणजे कॅल्शियमवरचा संशय अगदीच हवेतला नाही.

आता पुरावा. 2009 साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या गटाचा पेपर आला. त्यांनी प्रयोगशाळेच्या संग्रहातले गिनी पिगचे 127 खडे तपासले. 105 खडे, म्हणजे 83 टक्के, निव्वळ कॅल्शियम कार्बोनेटचे निघाले. नव्याने मिळवलेल्या 43 पैकी 40 तसेच. त्याआधीचे अहवाल कॅल्शियम ऑक्झलेटकडे बोट दाखवत होते. ही दोन्ही खनिजं सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकांसारखी दिसू शकतात, म्हणून नुसत्या नजरेवर न विसंबता इन्फ्रारेडसारख्या पद्धतीने खात्री करावी लागते. पालकाला लाल रकान्यात टाकण्यामागे ऑक्झलेटची जी भीती आहे, ती बरीचशी माणसाच्या मुतखड्यावरून उसनी आणलेली आहे. माणसात बहुतेक खडे ऑक्झलेटचे असतात, म्हणून गिनी पिगमध्येही तसेच असतील, हे गृहीतक कुणीतरी धरलं आणि ते पुढे कॉपी होत गेलं.

पेपर चांगला आहे, मला आवडतो. पण तो सांगतो काय? खडा कशाचा बनलाय, एवढंच. खडा का झाला, हे नाही. त्यासाठी खडा न झालेल्या गिनी पिगांचा गट लागतो, त्यांनी काय खाल्लं, किती पाणी प्यायले याची नोंद लागते. ‘खडा कॅल्शियमचा, म्हणून दोष खाण्यातल्या कॅल्शियमचा’ ही उडी वाचणाऱ्यांनी मारली. भिंत विटांची आहे म्हणून ती कोसळली, असं म्हणण्यासारखं झालं हे.

आणि आता माझा सगळ्यात मोठा आक्षेप. तक्त्यात पालकापुढे ‘100 ग्रॅममध्ये 99 मिलिग्रॅम’ असा आकडा आहे. हा ताज्या पालकाचा, ज्यात सुमारे 91 टक्के पाणी असतं. कोरड्या वजनावर काढलात तर तोच पालक 1.1 टक्के कॅल्शियमचा होतो. वाळलेल्या टिमोथी गवतात साधारण 0.4 ते 0.5 टक्के. मग पालक वाईटच की! थांबा. हे प्रमाण झालं, पोटात गेलेली रक्कम नाही.

कागद घ्या आणि मांडा. एक किलोचा प्रौढ गिनी पिग दिवसाला ढोबळमानाने 50 ग्रॅम वाळलं गवत खातो असं धरू. टिमोथीतून 200 ते 250 मिलिग्रॅम कॅल्शियम. तेच गवत अल्फाल्फाचं असेल, ज्यात 1.2 ते 1.5 टक्के असतं, तर 600 ते 750. आणि पालकाची दोन-तीन पानं, म्हणजे 10 ग्रॅम? दहा मिलिग्रॅम. वर नऊ ग्रॅम पाणी फुकट, जे लघवी पातळ ठेवायला उपयोगीच. पानं मोजत बसायचं आणि गवताचं नाव वाचायचं नाही, असा हा प्रकार.

तक्त्याखाली ‘0.8 टक्क्यांच्या आत ठेवा’ असंही होतं. हा आकडा बहुधा अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या 1995 च्या पुस्तकातला: खाद्याच्या किलोमागे 8 ग्रॅम. पण तो प्रयोगशाळेतल्या वाढत्या जनावरांना पुरेसं किती, याचा अंदाज आहे. तीन वर्षांच्या पाळीव प्राण्यासाठीची कमाल मर्यादा म्हणून तो कुणी दिलेलाच नाही. तिथेच फॉस्फरसचा आकडा 4 ग्रॅम आहे, तो तक्त्यात नाहीच. कॅल्शियम घटवताना फॉस्फरस चढा राहिला तर वेगळीच भानगड: शरीराच्या मऊ भागांत क्षार साचू शकतात.

बहिणीला म्हटलं, गवताची पिशवी आण. इंग्रजी लेबल, महागडं, मागे बारीक अक्षरात ‘अल्फाल्फा’. तिला हे माहीतच नव्हतं की अल्फाल्फा म्हणजे आपला लसूणघास, जो मामाकडे गोठ्यात म्हशींना घालतात. पिल्लांना आणि गाभण मादीला तो चालतो. हा गडी मात्र तीन वर्षं तोच खात होता.

शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांच्या सल्ल्याने गवत बदललं, पालेभाज्या परत सुरू झाल्या, पाण्याचं भांडंही बदललं. पाच महिने झाले, त्रास नाही. बहीण मला श्रेय देते. पण चार गोष्टी एकदम बदलल्या, प्राणी एकच, कंट्रोल नाही, आणि खडा तर डॉक्टरांनीच काढलेला. त्या खड्याचं विश्लेषणही कुणी करून घेतलं नाही, हे मला नंतर सुचलं.