दरफाळणीचे पाहुणे आणि पडद्यावरची भुते

गेल्या काही वर्षांत भुताखेतांच्या गोष्टींना पुन्हा बरे दिवस आले आहेत. चित्रपटगृहे, दूरदर्शनच्या वाहिन्या आणि इंटरनेटवरून घरात येणाऱ्या वेबमालिका या तिन्ही ठिकाणी भयकथांचे पीक जोमात आहे. नेदरलँड्ससारख्या देशात राहणाऱ्या आपल्या कुटुंबांत तर डच मालिका आणि हिंदी चित्रपट एकाच पडद्यावर, कधी कधी एकाच रात्री, पाहिले जातात. हे सारे केवळ वेळ घालवण्याचे साधन आहे असे म्हणून सोडून देता आले असते. पण या कथांत आता आपली नावे येऊ लागली आहेत. डिबुक, मोलोख, हिब्रू अक्षरे कोरलेली पेटी, मंत्र म्हणणारा रब्बी! ज्या मुलांनी यहुदी धर्म घरात थोडा आणि पडद्यावर फार पाहिला, त्यांना यहुदी वस्तू म्हणजे भिण्याची वस्तू असे वाटू लागले तर नवल नाही. म्हणून या कथांकडे जरा नीट पाहावे, असे आम्हांस वाटते.

पाहायचे तर हातात काही माप हवे. ते माप आपल्याच घरात आहे. किप्पूरला आपले वाडवडील दरफाळणीचा सण म्हणत. दारे लावून घ्यायची, पांढरे कपडे घालून उपास करायचा, बाहेरच्यांशी बोलायचे नाही. त्या सुमारास घरातील मृतांचे आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे शिळ्या सणाला, परत जातात, अशी जुन्या माणसांची समजूत होती. या समजुतीतली गंमत अशी, की घरात मृत माणसे आली म्हणून कोणी किंचाळत नसे. दार लावले जाई ते जगाला बाहेर ठेवण्यासाठी. येणारा पाहुणा घरचाच होता, आणि त्याचा घरावर हक्क होता. शिळ्या सणाला गरिबांना दानधर्म करायचा, आप्तेष्टांच्या भेटी घ्यायच्या, आणि आलेल्यांना निरोप द्यायचा.

आपल्या पवित्र शास्त्रातली भुताची गोष्टही अशीच आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात शौल राजा वेष पालटून एन्दोरच्या बाईकडे जातो आणि मेलेल्या शमुवेलाला वर बोलावतो. शमुवेल येतो तो तक्रार करीतच येतो, की मला का त्रास दिलास? आणि सांगतो काय, तर जिवंतपणी जे सांगितले होते तेच. भुताजवळ नवे गुपित नाही, केवळ न ऐकलेल्या गोष्टीची आठवण आहे. शौल जमिनीवर कोसळतो, तेव्हा तीच बाई घरचे वासरू कापते, बेखमीर भाकरी भाजते आणि त्याला जेवू घालते. भयकथेत एवढे माणूसपण आम्ही दुसरीकडे क्वचितच पाहिले. तोराने मृतांना बोलावण्याची मनाई केली आहे हे खरेच. पण मृतांचे ऐकूच नये असे कोठे म्हटलेले नाही.

तेव्हा आमचे माप हे. पडद्यावरचे भूत काय मागते, त्याचे मागणे न्याय्य आहे काय, आणि जिवंत माणसे ते ऐकून घेतात काय? या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या कथेत आहेत ती आम्ही चांगली समजतो. बाकीच्यांत फक्त दचकणे असते.

या मापाला सर्वांत कमी उतरतो तो ‘डिबुक’ हा हिंदी चित्रपट. २०२१ साली तो अमेझॉन प्राइमवर आला. दिग्दर्शक जय के. यांनी स्वतःच्याच ‘एझरा’ या २०१७ च्या मल्याळी चित्रपटाची ही हिंदी आवृत्ती केली. कोचीची कथा मॉरिशसला नेली आणि नायक म्हणून इम्रान हाश्मीला घेतले. एक तरुण जोडपे नव्या घरी राहायला जाते, बायको जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक पेटी आणते, पेटीत आत्मा कोंडलेला असतो, पुढे रब्बीला बोलावणे येते. छायाचित्रण नेटके आहे आणि काही प्रसंग अंगावर येतात हे कबूल केले पाहिजे. पण पेटी ही कल्पना आली कोठून? डिबुक म्हणजे जिवंत माणसाला चिकटणारा मृताचा आत्मा, ही पूर्व युरोपातील यहुद्यांची जुनी समजूत. पेटीचा तिच्याशी काही संबंध नाही. २००३ साली अमेरिकेत एका गृहस्थाने दारूच्या बाटल्या ठेवण्याचे जुने कपाट ईबेवर विकायला काढले, त्याबरोबर एक भयानक कथा जोडली, आणि कथा इंटरनेटवर पसरली. २०१२ साली त्यावर ‘द पझेशन’ हा अमेरिकन चित्रपट निघाला. मग आपल्याकडचे दोन. २०२१ साली त्या गृहस्थाने कथा आपणच रचल्याचे सांगितले. म्हणजे ज्याला कोट्यवधी लोक प्राचीन यहुदी विद्या समजतात, ती एका जाहिरातीपेक्षा जुनी नाही!

खरा डिबुक पाहायचा असेल तर श. अन्स्की यांचे त्याच नावाचे नाटक पाहावे. अन्स्कींनी पहिल्या महायुद्धापूर्वी खेडोपाडी फिरून यहुदी लोककथा गोळा केल्या आणि त्यांतून हे नाटक उभे केले. १९३७ साली पोलंडमध्ये त्यावर यिडिश चित्रपटही झाला. त्यातही मुलीला आत्मा झपाटतो. पण का? दोन मित्रांनी आपल्या होणाऱ्या मुलांचे लग्न लावण्याचे वचन एकमेकांना दिले होते, आणि श्रीमंत झालेल्या मित्राने ते मोडले. तेव्हा मेलेला मित्र धर्मन्यायालयात दावा लावतो. मृत फिर्यादी आणि जिवंत आरोपी! न्यायालय निकाल देते, की श्रीमंताने अर्धी संपत्ती गरिबांना द्यावी आणि मृतांसाठी कद्दीश म्हणावा. यात भीती आहेच, पण भीतीच्या मुळाशी मोडलेला शब्द आहे. हिंदी चित्रपटाने पेटी घेतली आणि न्यायालय मात्र बाहेर ठेवले.

यावर कोणी म्हणेल, करमणुकीच्या चित्रपटावर एवढा राग कशाला? आम्ही नेदरलँड्सचा विचार करतो म्हणून. यहुद्याची पेटी जुन्या बाजारात येते ती कशी? अ‍ॅमस्टरडॅमच्या वॉटरलोप्लेनवर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो; तो भाग म्हणजे पूर्वीचा यहुदी मोहल्ला. १९४० साली या देशात सुमारे १,४०,००० यहुदी होते. त्यांतील एक लाखाहून अधिक मारले गेले. लोकांना घराबाहेर काढले, की पाठोपाठ आब्राहम पुल्स याच्या कंपनीच्या गाड्या येत आणि सामानसुमान उचलून घर रिकामे करीत. हे इतके नित्याचे झाले, की डच भाषेत ‘पुल्सेन’ असे क्रियापदच तयार झाले. युद्धानंतर जे थोडे परतले त्यांच्या हाती महापालिकेने जमिनीच्या थकलेल्या भाड्याची आणि दंडाची बिले ठेवली. ते छळछावणीत किंवा लपून होते त्या वर्षांची! २०१६ साली अ‍ॅमस्टरडॅम शहराने त्याबद्दल यहुदी समाजाला १ कोटी युरो देण्याचे ठरवले. २०२१ साली त्याच शहरात नावांचे स्मारक उघडले. तेथे यहुदी आणि रोमा-सिंती मिळून १,०२,००० हून अधिक माणसांच्या नावाची एकेक वीट आहे. विटेवर नाव, जन्मतारीख आणि मरतेवेळचे वय.

अशा देशात वाढणाऱ्या मुलाने यहुद्याच्या रिकाम्या घरातली पेटी पाहून आधी कोणता प्रश्न विचारावा? आत कोणता राक्षस आहे, हा की ही कोणाची होती, हा? पेटीला शापित ठरवले, की दुसरा प्रश्न कोणी विचारत नाही. आमची तक्रार एवढीच आहे, आणि ती लहान नाही.

डच लोकांच्या स्वतःच्या भयकथा थोड्या आहेत. डिक मास यांनी १९८३ साली ‘द लिफ्ट’ या चित्रपटात माणसे मारणारी लिफ्ट दाखवली, तेव्हा व्यवहारी देशाचे भूतही यंत्रातच राहणार, असे वाटून गेले होते. पण २०२० साली नेटफ्लिक्सवर ‘आरेस’ ही आठ भागांची मालिका आली. नेटफ्लिक्सची ती पहिली डच मालिका. रोझा ही वैद्यकीची विद्यार्थिनी साध्या घरातली, मिश्र वंशाची. अ‍ॅमस्टरडॅममधील श्रीमंत घराण्यांच्या एका गुप्त विद्यार्थी मंडळात ती शिरते. मंडळाची मुळे सतराव्या शतकात, डच व्यापाराच्या भरभराटीच्या काळात आहेत. आणि त्या संपत्तीमागचा अपराध मंडळींनी मनातून काढून तळघरात एका काळ्या सत्त्वाच्या रूपाने कोंडून ठेवला आहे. त्याला अधूनमधून बळी लागतो.

कल्पना म्हणून ही आम्हांस फार मोलाची वाटते. सुवर्णयुग हा शब्दच २०१९ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या शहर संग्रहालयाने वापरातून काढला. गुलामगिरीबद्दल पंतप्रधानांनी २०२२ साली आणि राजाने २०२३ साली माफी मागितली. ज्या व्यापाराबद्दल हे चालले आहे त्याची एक वखार सतराव्या शतकात आपल्या कोकणात, वेंगुर्ल्यालाही होती. म्हणजे हे भूत आपल्याला अगदीच परके नाही. मालिकेचा दोष असा, की तिला आपल्या कल्पनेपेक्षा आपल्या दिव्यांचे आणि काळ्या पोशाखांचे कौतुक अधिक. ज्यांच्यावर अन्याय झाला ती माणसे तर कोठेच बोलत नाहीत. अपराधाला तोंड आहे, फिर्यादीला नाही. न्यायालय येथेही भरत नाही; पण भरायला हवे होते हे तरी मालिकेला ठाऊक आहे.

निको व्हान देन ब्रिंक यांचा ‘मोलोख’ (२०२२) हा त्याहून शांत आणि अधिक चांगला. उत्तरेकडची पाणथळ दलदल, तिच्या काठी आईवडील आणि लहान मुलीसह राहणारी बेट्रीक, आणि दलदलीतून वर येणारी वेगवेगळ्या काळांतील स्त्रियांची प्रेते. सॅली हार्मसेन यांचा अभिनय संयमी आहे. हा बनाव हवेतला नाही. ड्रेन्टे प्रांतात १८९७ साली ‘इडेची मुलगी’ म्हणून ओळखले जाणारे प्रेत सापडले. दोन हजार वर्षे दलदलीने सांभाळलेले, गळ्याभोवती लोकरी पट्टा. ते आज आसेनच्या संग्रहालयात आहे. चित्रपटाच्या नावापाशी आम्ही आधी थबकलो. मोलोख हा कनानी लोकांच्या भूमीतला. हॉलंडच्या चिखलात त्याचे काय काम? पण लेवीय पुस्तकात जी मनाई आहे ती मुळात आईबापांना आहे, की आपली संतती मोलोखाला देऊ नका. मोठ्यांनी लहानांच्या जिवावर आपले साधू नये, हा तिचा अर्थ. आणि चित्रपटाचा विषयही आईकडून मुलीकडे उतरणारा शापच आहे. तेव्हा नाव उसने असले तरी वर्मी लागले आहे.

याच अंगाने ‘तुंबाड’कडे वळावे लागते. राही अनिल बर्वे यांचा हा हिंदी चित्रपट २०१८ साली आला, तेव्हा बेताचाच चालला. २०२४ साली पुन्हा लावला तेव्हा पहिल्यापेक्षा अधिक गर्दी झाली. नारायण धारपांच्या कथेची त्यावर छाया आहे आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देते. कोकणातला सततचा पाऊस, पडका वाडा, आणि सोन्याचा हव्यास असलेला हस्तर. १९१८ पासून स्वातंत्र्यापर्यंत विनायक त्या हस्तराकडून मोहरा चोरतो, आणि पुढे आपल्या कोवळ्या मुलाला तोच धंदा शिकवतो. कणकेची बाहुली घेऊन बापलेक विहिरीच्या पोटात उतरतात ते दृश्य आम्ही विसरू शकत नाही. हस्तराला सोने मिळाले, अन्न नाही. आणि माणूस त्याची भूक दाखवून त्याला लुटतो. येथे राक्षसापेक्षा माणूस भयंकर आहे. शेवटी मुलगा मोहरांना नकार देतो, तोच या चित्रपटाचा निकाल. उणीव एवढीच, की कोकणची ही माणसे कोकणच्या भाषेत बोलत नाहीत, आणि बायकांच्या वाट्याला दुःखाखेरीज फारसे काही आलेले नाही.

कोकणातलाच ‘मुंज्या’ (२०२४) हा आदित्य सरपोतदार यांचा चित्रपट विनोदी आहे. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला पोर पिंपळावर बसतो आणि लग्नासाठी हटून राहतो, ही समजूत आपल्या नवगाव-रेवदंड्याच्या वाडवडिलांनीही शेजाऱ्यांकडून ऐकली असेल. चित्रपट हसवतो, पण एक गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे. भुताचा हक्क वेगळा आणि भुताचा हट्ट वेगळा. हक्क असेल तर द्यावा, हट्ट असेल तर नाकारावा. मुलांना हा फरक कळला तर पुष्कळ झाले, कारण तो जिवंत माणसांच्या बाबतीतही लागतो.

मुलांना असे काही पाहू देऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. मनाई केली तर ती एकटी पाहतील. त्यापेक्षा सोबत बसावे आणि मधेच विचारावे, की हे भूत का आले? त्याचे कोणी काही घेतले होते काय? ‘तुंबाड’ आणि ‘मोलोख’ यांना या प्रश्नाचे उत्तर देता येते, ‘आरेस’ला अर्धे येते, ‘डिबुक’ला येत नाही, हे बारा-चौदा वर्षांचे मूलही ओळखील.

आणि आपण आपल्या गोष्टी सांगाव्यात. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हन्नाबीच्या रथाची आणि घोड्याच्या टापांची खूण दाखवतात. त्याच्या नावाने आपण मलिद्याचे ताट मांडतो. जो मेला नाही, जो केव्हाही दारी येऊ शकतो, त्याची वाट पाहणारे लोक आपण. दरफाळणीला घरी येणाऱ्या आत्म्यांची समजूत ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकली ती माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांनी ती मराठीत लिहून काढावी किंवा नातवंडांना बोलून दाखवावी. पडद्यावर उद्या आणखी एक शापित पेटी येणारच. तेव्हा आपल्या मुलाला निदान एवढे ठाऊक असावे, की आपल्या घरी मेलेली माणसे येत तेव्हा त्यांना कोणी पेटीत कोंडत नसे. त्यांच्यासाठी घर आवरून ठेवीत.