मेदयुक्त यकृतातील गाठींचे निदान आणि सी. टी. स्कॅन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

बीजसंज्ञा : मेदयुक्त यकृत, सी. टी. स्कॅन, हाउन्सफील्ड एकक, एम. आर. आय.

प्रस्तावना :
गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या सी. टी. स्कॅन यंत्राने १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाची तपासणी झाली. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात लोणी येथे १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि आधुनिक वैद्यकाचे शिक्षण ग्रामीण भागात पोहोचले. केंद्र शासनाने २०२१ मध्ये मद्यपानाशी संबंध नसलेल्या मेदयुक्त यकृताचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला. त्यामुळे अशा यकृतात आढळणाऱ्या गाठींचा अर्थ कसा लावावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

विवेचन :
सी. टी. स्कॅनमध्ये ऊतींची घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. पाण्याची घनता शून्य, तर मेदाची सुमारे उणे १०० असते. कॉन्ट्रास्ट द्रव्य देण्यापूर्वी निरोगी यकृत साधारणतः ५० ते ६५ एकके दर्शविते व प्लीहेपेक्षा किंचित उजळ दिसते. मेद साठल्यावर ही घनता घटते. ती ४० च्या खाली गेल्यास मेदसंचय लक्षणीय समजला जातो.

मूळ अडचण येथेच उद्भवते. ४० एकके घनतेची गाठ ६० एककांच्या निरोगी यकृतात काळसर दिसेल, २० एककांच्या मेदयुक्त यकृतात उजळ दिसेल आणि ४० एककांच्या यकृतात दिसणारच नाही. गाठ तीच असते. पार्श्वभूमी बदललेली असते. याउलट, पित्ताशयालगतचा मेदविरहित भाग उजळ दिसून गाठीचा आभास निर्माण करतो. अशा भागातून रक्तवाहिन्या न वाकता, न दबता जातात, ही त्याची महत्त्वाची खूण होय. एका चुकीत कर्करोगाचा प्रसार नजरेतून सुटतो, तर दुसरीत निरोगी माणसाच्या माथी कर्करोगाची भीती मारली जाते.

रुग्णाच्या देहयष्टीवरून मेदाचा अंदाज बांधणेही धोक्याचे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही देहभार निर्देशांक २२.३ होता, मात्र शरीरातील मेद अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के होता.

एम. आर. आय.मधील मेद व पाणी यांचे संकेत वेगळे करणारी पद्धत अशा संदिग्ध प्रसंगी अधिक उपयुक्त ठरते आणि तीत क्षकिरणांचा संपर्कही नसतो. तथापि यकृताच्या काही कर्करोगांतही मेद आढळतो. म्हणून तीही निर्णायक मानता येत नाही.

निष्कर्ष :
सी. टी. स्कॅनचे मोल नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न अहवालाच्या वाचनाचा आहे. अहवालात ‘मेदयुक्त यकृत’ व ‘गाठ’ या दोन सुट्या नोंदी न राहता पहिलीच्या प्रकाशात दुसरीचा अर्थ लावला गेला पाहिजे. यकृत व प्लीहा यांची कॉन्ट्रास्टपूर्व घनता उपलब्ध असल्यास ती नोंदवावी, जुन्या प्रतिमांशी तुलना करावी आणि शंका उरल्यास एम. आर. आय. किंवा ऊतीपरीक्षण सुचवावे. दूरच्या खेड्यातून पदरमोड करून आलेल्या रुग्णाला एवढी स्पष्टता मिळणे हा त्याचा अधिकारच होय.