गीताची भाषा आणि युरोपची स्पर्धा

युरोव्हिजन या नांवानें प्रसिद्ध असलेली युरोपीय राष्ट्रांची दूरचित्रवाणीवरील गीतस्पर्धा हा साहित्यविषयक मासिकांत चर्चिण्याजोगा विषय आहे, असें प्रथमदर्शनीं कोणास वाटणार नाहीं. झगझगीत दिवे, धुराचे लोट, चमत्कारिक पोषाख आणि शेवटीं चालणारी गुणांची लांबलचक मोजदाद हें सर्व पाहून गंभीर वृत्तीचा रसिक मान फिरवितो, आणि त्यांत त्याचा फारसा दोष आहे असेंहि नाहीं. परंतु गीताचा प्राण शब्दांत कीं स्वरांत, हा जो वाद आपल्याकडे नाट्यपदांपासून भावगीतांपर्यंत वारंवार डोकें वर काढीत आला आहे, त्याची एवढी मोठी व इतकीं वर्षें चाललेली परीक्षा आमच्या माहितींत दुसरी नाहीं. बहुसंख्य श्रोत्यांस गाण्याची भाषा समजणार नाहीं, हें जेथें गृहीतच आहे, तेथें कवीनें काय करावें? या एका प्रश्नापुरताच आम्ही येथें विचार करणार आहों. अलीकडे या स्पर्धेभोंवतीं माजलेले राजकीय तंटे व बहिष्कार हा निराळ्या लेखाचा विषय होय.

स्पर्धेचा जन्म केवळ कलेच्या ओढीनें झाला नाहीं. १९५० सालीं स्थापन झालेल्या युरोपीय प्रक्षेपण संघास एकच कार्यक्रम अनेक देशांत एकाच वेळीं दाखवून पाहावयाचा होता. इटलींतील सान रेमोचा गीतमहोत्सव नमुन्यादाखल हाताशीं होता. २४ मे १९५६ रोजीं स्वित्झर्लंडमधील लुगानो येथें सात राष्ट्रांनीं प्रत्येकीं दोन गाणीं सादर केलीं. महायुद्ध संपून अकराच वर्षें झालीं होतीं, आणि फ्रान्स, जर्मनी व इटली एका रंगमंचावर गात होते. यजमान देशाची लीस आसिया विजयी झाली. परीक्षकांनीं कोणास किती मतें दिलीं, हें मात्र कधींच प्रसिद्ध झालें नाहीं. पुढें नियम बनत गेले: गाणें तीन मिनिटांचें, रंगमंचावर माणसें सहांहून अधिक नाहींत, स्वतःच्या देशास मत देण्याची बंदी.

भाषेचा नियम प्रथम नव्हता, कारण त्याची गरजच कोणास भासली नव्हती. १९६५ सालीं स्वीडनच्या गायकानें इंग्रजींत गाणें म्हटलें, आणि दुसऱ्याच वर्षापासून प्रत्येकानें आपल्या देशाच्या भाषेंतच गावें असें ठरलें. स्वभाषाभिमान्यांस हें ऐकून आनंद होईल; पण नियमाचीं फळें पाहतां तो आनंद टिकत नाहीं. स्वभाषेंत चांगलें लिहिण्याऐवजीं कित्येक कवींनीं भाषेपासूनच पळ काढला. १९६८ सालीं लंडन येथें स्पेननें इंग्लंडच्या क्लिफ रिचर्डवर अवघ्या एका गुणानें, २९ विरुद्ध २८ असा, विजय मिळविला, तो 'ला, ला, ला' या गाण्यानें. आणि त्याचें ध्रुपद नांवाप्रमाणेंच आहे. मौज अशी कीं, या गाण्यासाठीं प्रथम निवडलेल्या सेर्रा या गायकानें तें कातालान भाषेंत गाण्याचा आग्रह धरला. फ्रँकोच्या राजवटींत तें मान्य होणें शक्य नव्हतें, आणि आयत्या वेळीं मास्सिएल या गायिकेस पाठवावें लागलें. ज्याचें ध्रुपद सर्व भाषांत सारखेंच उच्चारलें जावयाचें, त्याच्या भाषेवरून हा तंटा!

आमच्या तराण्यांतहि अर्थहीन बोल असतात, असें कोणी म्हणेल. पण तराण्याचे बोल लयीच्या पोटांतून निघालेले असतात. त्यांच्या जागीं शब्द घातले तर चीज बिघडेल. या 'ला'च्या जागीं मात्र शब्द हवा होता व तो घातला गेला नाहीं, हें ऐकणारास सारखें जाणवत राहतें. पुढच्याच वर्षीं चार देशांस समान गुण मिळून चौघेहि विजेते ठरले. त्यांतील इंग्लंडच्या गाण्याचें नांव 'बूम बँग-अ-बँग' असें होतें. येथें तर आपली भाषा कोणास कळेल याची इंग्रजांसहि खात्री उरली नव्हती असें दिसतें.

शिवाय नियम सर्वांस सारखा असला तरी भाषा सारख्या नसतात. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशानें पांच वेळां स्पर्धा जिंकली, ती पांचहि वेळां फ्रेंच गाण्यानें. आणि तीं गाणारांपैकीं एकहि त्या देशाचा नव्हता. आयर्लंडनें १९९२, १९९३, १९९४ अशीं लागोपाठ तीन वर्षें व पुन्हां १९९६ सालीं विजय मिळविला. इंग्रजी ही त्याच्या घरचीच भाषा ठरत असल्यानें त्यास नियमाची अडचण नव्हती. मध्यंतरीं १९७३ ते १९७६ या काळांत नियम उठला होता. तेव्हां स्वीडनच्या ॲबा या चौकडीनें इंग्रजींतून 'वॉटर्लू' गाऊन १९७४ ची स्पर्धा जिंकली आणि जगभर कीर्ति संपादिली. परभाषेंत गाणें रंगूंच शकत नाहीं, हें मत त्या गाण्यापुढें आम्हांस टिकवितां येत नाहीं.

परंतु त्याच वर्षींची दुसरी हकीकत सहसा कोणी सांगत नाहीं. पाउलो द कार्व्हाल्यो यानें गाइलेलें पोर्तुगालचें गाणें अवघे तीन गुण मिळवून तळाशीं राहिलें. तें एक साधें विरहगीत होतें. स्पर्धेस तीन आठवडेहि लोटले नव्हते, तोंच २४ एप्रिलच्या रात्रीं लिस्बनच्या एका नभोवाणीकेंद्रावरून तेंच गाणें लावण्यांत आलें; हुकूमशाहीविरुद्ध उठाव करणाऱ्या सैनिकी अधिकाऱ्यांस सज्ज होण्याचा तो संकेत होता. गाण्यांत राजकारणाचा गंधहि नसल्यामुळें संशयास जागा नव्हती. दुसऱ्या दिवशीं जवळजवळ अर्धें शतक चाललेली ती राजवट कोसळली. परक्या परीक्षकांनीं ज्यास तीन गुण दिले, त्याची घरची किंमत कोणत्या कोष्टकांत मांडावयाची?

१९७७ सालीं परत आणलेला भाषेचा नियम १९९९ सालीं काढून टाकण्यांत आला, आणि त्याच वर्षीं जिवंत वाद्यवृंदहि गेला. त्या वर्षींचें विजयी गाणें स्वीडनचें होतें. देशांतल्या निवडफेरींत तें स्वीडिशमध्यें गाइलें होतें. जेरुसलेमच्या रंगमंचावर तें इंग्रजी होऊन आलें. पुढें हीच वहिवाट पडली. १९९९ पासून २०१६ पर्यंतच्या अठरा विजयी गीतांत ज्यांत इंग्रजीचा एकहि चरण नाहीं असें गीत एकच, २००७ सालचें सर्बियाचें. आमचें आयुष्य इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेलेलें असल्यानें त्या भाषेचा द्वेष आम्हांस करतां येणार नाहीं. पण या गाण्यांतील इंग्रजी ही कोणाचीच मातृभाषा नव्हे. हृदय, अग्नि, रात्र, स्वप्न अशा वीसपंचवीस शब्दांची ती एक पुरचुंडी आहे, आणि प्रत्येक देश तीच सोडून पुन्हां बांधतो. उत्तरपत्रिकांतून असलें बिनचूक व निर्जीव इंग्रजी आम्ही पुष्कळ वाचलें आहे. त्यास पास करावें लागतें, एवढेंच. त्यापेक्षां २००३ सालीं बेल्जियमनें केलें तें अधिक प्रामाणिक. त्यांनीं सरळ एक काल्पनिक भाषा रचून तिच्यांत गाणें म्हटलें, आणि दोनच गुणांनीं त्यांचा विजय हुकला.

२०१६ सालीं युक्रेनच्या जमालानें '१९४४' हें गाणें म्हटलें. त्या सालीं स्टालिनच्या हुकुमानें तातार लोकांस क्रिमियांतून हद्दपार करण्यांत आलें. त्यांत तिची पणजी होती. कडवीं इंग्रजी व ध्रुपद क्रिमियन तातार भाषेंत, अशी गाण्याची रचना आहे. इंग्रजी कडवीं आम्हांस वृत्तान्तासारखीं वाटतात; ध्रुपद सुरू होतांच आवाजाची जातच बदलते. ज्या भागाचा अर्थ जवळजवळ कोणासच समजला नाहीं, त्यानेंच गाणें उचलून धरलें.

दुसऱ्या वर्षीं कीव्ह येथें साल्व्हादोर सोब्राल यानें पोर्तुगालचें गाणें म्हटलें. शब्द व चाल दोन्ही त्याच्या बहिणीचीं, लुइझाचीं. मुख्य रंगमंचाचा पसारा सोडून श्रोत्यांमधल्या एका लहानशा ओट्यावर तो एकटा उभा राहिला. गोव्याकडील जुनी मंडळी सोडल्यास आमच्या वाचकांपैकीं पोर्तुगीज जाणणारे थोडेच असतील. त्यांनीं हें गाणें अर्थ न पाहतां एकदां ऐकावें. सोब्राल चरणाच्या शेवटीं शब्द सोडून देत नाहीं. त्याचा उच्चार हळूहळू विरूं देतो, आणि मधल्या थांब्यांतहि बोलण्याचाच डौल असतो. हें अनुवादांत येणें शक्य नाहीं, कारण त्या थांब्याची जागा भाषेनें ठरविलेली आहे. परीक्षक व जनता या दोघांनींहि त्यास पहिलें ठरविलें. ७५८ गुण, हा उच्चांक होता. १९६४ पासून गात आलेल्या देशाचा तो पहिला विजय. संगीत म्हणजे आतषबाजी नव्हे, अशा अर्थाचें जें भाषण त्यानें विजयानंतर केलें, तें टीकाकारांवर सोपविलें असतें तर अधिक शोभलें असतें.

त्यानंतर २०२१ सालीं इटालियन आणि २०२२ सालीं युक्रेनियन गाणें विजयी झालें. दुसऱ्याविषयीं निर्णय देणें आम्हांस अवघड वाटतें. कवीनें आपल्या आईवर रचलेल्या त्या गाण्यास युद्धामुळें मातृभूमीचा अर्थ आला, आणि श्रोत्यांनीं मत गाण्यास दिलें कीं देशास, हें आतां वेगळें काढतां येत नाहीं. २०२३ ची लिव्हरपूलची स्पर्धा या दृष्टीनें अधिक बोलकी आहे. परीक्षकांनीं स्वीडनच्या इंग्रजी गाण्यास ३४० गुण देऊन विजयी केलें. जनतेनें मात्र ३७६ गुण देऊन फिनलंडचें फिनिश गाणें अग्रभागीं ठेविलें. तें गाणें आरडाओरड्याचें आहे व आम्हांस मुळींच रुचलें नाहीं. पण फिनिश भाषा कळत नाहीं म्हणून लोक अडले नाहींत. अडले ते जाणकार.

आणि ज्या स्वीडननें १९९९ सालीं आपली भाषा घरीं ठेविली, त्यानें २०२५ सालीं बाझल येथें १९९८ नंतर प्रथमच स्वीडिश गाणें पाठविलें. गाणारे तिघे स्वीडनचे नव्हेत. फिनलंडांत स्वीडिश बोलणारा जो अल्पसंख्य समाज आहे, त्यांतले ते आहेत, आणि गाण्यांत त्यांच्या गांवाकडची बोली आहे. विषय बाष्पस्नानाचा! चौथा क्रमांक आला.