दगडावरची नावे आणि दगडाबाहेरची माणसे

कन्हान गावातून नदीचा पूल ओलांडला की कामठी लागते. तेथील लष्करी छावणी १८२१ मध्ये वसली व तिच्यात मद्रासच्या पलटणी राहू लागल्या. नागपूर भागातील प्रेस्बिटेरियन मंडळीचा इतिहास या छावणीपासून सुरू होतो. मद्रास सैन्यातील विल्यम हिल या अधिकाऱ्याने देणगी देऊ केली, स्कॉटलंडच्या फ्री चर्चने स्टीफन हिस्लॉप यांची निवड केली आणि १८४५ मध्ये ते येथे पोहोचले. बिशपपद न मानता धर्मगुरू व निवडलेले वडील यांच्या हाती कारभार सोपविणारी ही परंपरा आम्हां कॅथलिकांना परकी वाटेल. पण तिच्या दफनभूमीने उभा केलेला प्रश्न परका नाही.

या मंडळीचा इतिहास दोन ग्रंथांतून वाचावा लागतो. पहिला जॉर्ज स्मिथ यांचा, १८८८ साली लंडनला छापलेला हिस्लॉप यांचा चरित्रग्रंथ. मिशनरी आणि निसर्गशास्त्रज्ञ अशी हिस्लॉप यांची दोन्ही रूपे तो आस्थेने उभी करतो, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र चरित्रनायकाचा प्रकाश एवढा प्रखर की भोवतीची मंडळी अंधारात जाते. एतद्देशीय माणूस येतो तो बहुधा बाप्तिस्म्याच्या प्रसंगापुरता. पुढे त्याने संसार कसा केला, जातीबाहेरचे जिणे कसे सोसले, त्याला कोठे पुरले, याची विचारपूस चरित्रकार क्वचितच करतो.

दुसरा ग्रंथ ओ. एस. क्रॉफ्टन यांनी संपादिलेली, मध्यप्रांत व वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांची १९३२ ची सूची. दगड झिजण्यापूर्वी अक्षरे टिपून घेण्याचे हे काम मोलाचे आहे. पण सूची प्रामुख्याने युरोपियनांची आहे. जिथे दगड आहे, दगडावर लेख आहे आणि लेखातील माणूस सरकारदरबारी दखलपात्र आहे, तिथेच इतिहास आहे, असा तिचा अघोषित नियम दिसतो. ज्यांच्या घरच्यांना दगड परवडला नाही, त्यांनी मातीचा उंचवटा केला, लाकडाचा क्रूस रोवला. दोन-चार पावसाळ्यांत दोन्ही गेले. मंडळी मात्र याच माणसांच्या बळावर टिकली होती.

आमचा आक्षेप अधिक तीव्र होतो तो हिस्लॉप यांच्याच अखेरीमुळे. सप्टेंबर १८६३ मध्ये ते रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत नागपूरच्या दक्षिणेस टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहण्यास गेले होते. ती वर्तुळे म्हणजे प्राचीन माणसांच्या दफनाच्या जागा. ४ सप्टेंबरला परतताना बोरीजवळ पुराच्या नाल्यात ते बुडाले. शेहेचाळिसावा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. तेथेच नागपूर विद्यापीठाने १९६८-६९ मध्ये उत्खनन केले व लोहयुगीन संस्कृती उजेडात आणली. ज्यांचे एकही नाव उरले नाही, अशा मृतांची चौकशी करता करता ज्याने प्राण गमावला, त्याच्या मंडळीच्या इतिहासाने आपल्याच अनाम मृतांची चौकशी करू नये, हे आम्हांला खटकते. गोंडांविषयीचे त्यांचे टिपण टेंपल यांनी १८६६ मध्ये छापले. त्यातील लिंगोचे गीत परधान गायकाकडून मिळालेले. हिस्लॉप यांना ऐकण्याची सवय होती. त्यांच्या इतिहासकारांनी ती उचलली नाही.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. प्रेस्बिटेरियन वारसा त्यात विलीन झाला. ऐक्य स्वागतार्हच, पण नाव बदलले की जुन्या वह्यांचा वाली कोण, हा प्रश्न उरतो. दफनाच्या नोंदवहीत नाव, वय, धंदा, कधी मृत्यूचे कारणही असते. दगड न मिळालेल्या माणसाचा तोच एक शिलालेख. कोणत्याही ग्रामीण चर्चचा इतिहास लिहिणाऱ्याने इमारतीच्या कोनशिलेआधी ती वही उघडावी, असे आमचे मत आहे.

दोन नोव्हेंबरला आपण आपल्या दफनभूमीत मेणबत्त्या लावतो, तेव्हा बिनक्रूसाच्या मातीवरही एखादी लावण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. ती रीत इतिहासलेखनात यावी, एवढेच मागणे. आणि प्रेस्बिटेरियनांना हे सांगण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील दफनाची वही कोणत्या कपाटात आहे, तिला वाळवी तर लागली नाही ना, हे आम्ही आणि आमच्या वाचकांनी आधी पाहिलेले बरे.