अपयशाचा आस्वाद : कठीण व्हिडिओ गेम आणि सविकल्प समाधी

प्रास्ताविक

शोकात्म नाटकातून प्रेक्षकाला आनंद कसा मिळतो, हा साहित्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. व्हिडिओ गेमच्या संदर्भात तो निराळ्या रूपात उभा राहतो. जो खेळ वारंवार हरवतो, ताण देतो, चीड आणतो, तोच खेळाडू पुन्हा का सुरू करतो? प्रस्तुत लेखात पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने निर्मिलेल्या ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ (२०२०) या खेळाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

सैद्धांतिक भूमिका

१९२१ साली बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून न. चिं. केळकर यांनी ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. स्वतःची भूमिका न सोडता वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि या दुहेरी अनुभवातून वाङ्मयानंद निर्माण होतो, असे तिचे सार सांगता येईल. दुःख पात्राचे असते, वाचकाचे नव्हे. या अंतरामुळे करुण प्रसंगही आस्वाद्य ठरतो.

व्हिडिओ गेममध्ये हे अंतर टिकत नाही. पडते ते पात्र, पण चूक खेळाडूच्या हाताची असते. सापशिडीत दान वाईट पडले तर दैवाला दोष देता येतो. येथे तीही सोय नाही. जेस्पर यूल यांनी ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ (२०१३) या ग्रंथात या विरोधाभासाची चर्चा केली आहे. खेळ आपल्याला उणिवेची जाणीव करून देतो आणि ती भरून काढण्याची संधीही देतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. म्हणजेच येथील अंतर चुकलेला ‘मी’ आणि पुन्हा प्रयत्न करणारा ‘मी’ यांच्यात असते. दुसऱ्याला पहिल्यापेक्षा काही अधिक कळले असेल, तरच अपयश आस्वाद्य होते.

विवेचन

राक्षसांनी पळवून नेलेला भाऊ गोलू याच्या शोधात निघालेली सर्कशीतील मुलगी राजी ही या खेळाची नायिका. महालांची रंगसंगती आणि छायाबाहुल्यांच्या शैलीतील निवेदन यांमुळे खेळाचे दृश्यरूप लक्षणीय झाले आहे. २०२० च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या विभागात त्याला नामांकनही मिळाले. तथापि, दृश्याचा कोन खेळाडूच्या ताब्यात नसल्याने काही ठिकाणी कड्याची खोली नीट उमगत नाही. उडी चुकते, पण का चुकली हे कळत नाही आणि पुढची उडीही अंदाजानेच मारावी लागते. हे काठिण्य नव्हे, निव्वळ ताप आहे. याउलट ‘सेलेस्ट’ (२०१८) हा कितीतरी अधिक कठीण खेळ. त्यात अपयशाचे कारण समोर दिसते, त्याच पडद्यावर लगेच नवा प्रयत्न करता येतो आणि हवे तर खेळाचा वेगही कमी करता येतो.

समारोप

आपल्याकडे अशा खेळांविषयी एकतर स्वदेशी म्हणून कौतुक होते, नाहीतर व्यसन म्हणून धिक्कार. दोन्हींमुळे समीक्षेचे काम टळते. काठिण्य हा गुण नाही आणि दोषही नाही; ते खेळाडूला काय शिकवते, हे तपासले पाहिजे. अनुत्तीर्ण विद्यार्थ्याच्या हाती केवळ गुणांचा आकडा देणाऱ्या आपल्या परीक्षापद्धतीलाही हीच कसोटी लावून पाहण्यासारखी आहे.