साखळी लांबवली की झाले?

सेंद्रिय रंगद्रव्ये शिकवताना एक नियम हमखास सांगितला जातो : एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी जितकी लांब, तितकी शोषलेल्या प्रकाशाची तरंगलांबी जास्त. नियम चुकीचा नाही, अपुरा आहे. तेवढ्यावरच थांबणाऱ्या विवेचनाविषयी आमची तक्रार आहे.

गाजरातले बीटा-कॅरोटीन पाहा. त्यात असे ११ दुहेरी बंध आहेत, तरी ते सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाशच शोषते. उलट, डोळ्यांच्या तपासणीत वापरतात त्या इंडोसायनिन ग्रीनच्या दोन टोकांमधला पूल अवघ्या ७ कार्बनांचा. शोषण मात्र पाण्यात ७८० नॅनोमीटरजवळ, म्हणजे निकट अवरक्तात! असे का? कॅरोटीनमध्ये एकेरी व दुहेरी बंधांची लांबी वेगवेगळी राहते. त्यामुळे साखळी कितीही वाढवली तरी इलेक्ट्रॉनच्या पातळ्यांतले अंतर एका मर्यादेखाली जात नाही. सायनिनमध्ये धन प्रभार दोन्ही टोकांच्या नायट्रोजनांत वाटला जातो आणि बंध जवळजवळ सारखे होतात.

अर्धवाहकासाठी एवढेही पुरत नाही. रेणू एकमेकांवर कसे रचले जातात, यावर प्रभाराचे वहन ठरते. २०१९ साली चीनमधून पुढे आलेल्या 'वाय ६' रेणूत इलेक्ट्रॉन देणारे व ओढणारे गट आलटूनपालटून जोडले आहेत. त्याच्या सौरघटाने १५ टक्क्यांवर कार्यक्षमता गाठली.

तेव्हा फळ्यावर साखळी काढून थांबू नये. "११ बंध असूनही गाजर नारिंगीच का?" असे विद्यार्थ्यांना विचारावे. नियमाची मर्यादा त्यांना तिथेच दिसेल.